बॉटचे मेल बाजूला, माणसांचे समोर

वाचकांचे प्रश्न

ओपन सोर्स, म्हणजे ज्यांचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा, प्रकल्पांत काम करणाऱ्या किंवा करू पाहणाऱ्या वाचकांची यंदा जी पत्रं आली, त्यांतली बरीचशी एकाच त्रासाबद्दल आहेत: मेलिंग लिस्टवर (जिथे पाठवलेला एक मेल सगळ्या सदस्यांना पोचतो) बॉट, म्हणजे आपोआप काम करणारे प्रोग्राम, आणि इतर यंत्रणांकडून येणारे आपोआप मेल. त्यांतली चार पत्रं निवडली आहेत. ज्यांची पत्रं इथे नाहीत, त्यांनाही उत्तर बहुधा यांतच सापडेल.

ताई, मी सांगलीत इंजिनीअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. ओपन सोर्स प्रकल्प सांभाळणाऱ्या अपाचे फाउंडेशनच्या एका जावा प्रकल्पात काम करायचं ठरवलं, म्हणून दिसल्या त्या सगळ्या लिस्टवर नाव नोंदवलं, कोड जिथे असतो त्या गिटहबवरही वॉच केलं, म्हणजे तिथल्या सूचना सुरू केल्या. आता रोज शेकडो मेल येतात आणि कॉलेजच्या प्लेसमेंटचे मेल त्यात हरवतात. डेव्ह लिस्टवर मी एक प्रश्न विचारला होता, पण तो मेल माझ्या इनबॉक्समध्ये आलाच नाही. पुन्हा पाठवू का? की हे सगळंच बंद करू?
— एक विद्यार्थिनी, सांगली

पुन्हा पाठवू नकोस. तू लिस्टची सदस्य आहेस, म्हणजे तो मेल बहुतेक पोचलेला आहे. तू पाठवलेला मेल लिस्टवरून फिरून तुझ्याकडे येतो तेव्हा त्याचा मेसेज-आयडी, म्हणजे मेलची ओळखखूण, तोच असतो. जीमेलच्या दृष्टीने तो मेल तुझ्याकडे आधीपासूनच आहे, ‘सेंट’मध्ये. त्यामुळे दुसरी प्रत इनबॉक्समध्ये दिसत नाही. हे माहीत नसल्याने कितीतरी नवी मुलं तोच प्रश्न दोन-तीनदा पाठवतात आणि मग संकोचून गप्प होतात. खात्री करायची तर अपाचेचं सार्वजनिक संग्रहस्थळ आहे, लिस्ट्स डॉट अपाचे डॉट ऑर्ग. तिथे प्रकल्पाचं नाव शोध, महिना निवड, तुझा मेल दिसेल. उत्तर आलं असेल तर तेही तिथेच खाली असेल.

उत्तराबद्दल एक गोष्ट नीट समजून घे. अपाचेच्या बऱ्याच लिस्टवर ‘रिप्लाय’ दाबलं की उत्तर लिस्टकडे जातं, विचारणाऱ्याच्या पत्त्यावर वेगळं जात नाही. त्यामुळे तुझं नाव ‘टू’मध्ये नसेल, आणि तुझ्यासाठीचं उत्तर शेकडो यांत्रिक मेलांच्या मधे येऊन पडलेलं असेल. सगळं बंद केलंस तर तेही जाईल. म्हणून बंद करायचंच आहे, पण निवडून.

प्रकल्पाला साधारणपणे या लिस्ट असतात. ‘डेव्ह’वर काम करणारी माणसं बोलतात: काय करायचं, कसं करायचं, नवी आवृत्ती कधी काढायची, मतदान. ‘यूझर’वर वापरणारी माणसं प्रश्न विचारतात. ‘कमिट्स’वर कोडमध्ये झालेला प्रत्येक बदल यंत्र पाठवतं. ‘इश्यूज’ किंवा ‘नोटिफिकेशन्स’वर गिटहबची आणि जिराची (चुका व कामं नोंदवायच्या साधनाची) प्रत्येक हालचाल येते. तुला आज डेव्ह आणि यूझर एवढ्याच हव्यात. यूझरसुद्धा मी मुद्दाम सांगते आहे. लोक हे सॉफ्टवेअर कशासाठी वापरतात आणि कुठे अडतात ते तिथे कळतं, आणि एखाद्या प्रश्नाचं उत्तर तुला येत असेल तर ते देणं हेही योगदानच आहे.

बाकीच्यांतून बाहेर पडायला लिस्टच्या नावापुढे हायफन आणि ‘अनसबस्क्राइब’ जोडून तयार होणाऱ्या पत्त्यावर कोरा मेल पाठव. ज्या पत्त्याने नोंदणी केली होतीस त्याच पत्त्यावरून. मग पडताळणीचा एक मेल येईल, त्याला उत्तर दिल्याशिवाय नाव निघत नाही. बरेच जण ही दुसरी पायरी विसरतात आणि वैतागून ‘मला काढा’ असं खुद्द लिस्टलाच लिहितात. तो मेल जगभरातल्या सगळ्या सदस्यांना जातो. बाहेर पडलीस तरी काही बुडत नाही, कारण कमिट्सचा संग्रह सार्वजनिक आहे. हवं तेव्हा जाऊन वाचता येतो.

आता फिल्टर. विषयाच्या ओळीवरून फिल्टर लावू नकोस. विषय बदलत राहतात, ‘रि’ जोडलं जातं, एखादा बॉट आपली पद्धतच बदलतो. प्रत्येक लिस्ट आपल्या मेलांवर ‘लिस्ट-आयडी’ नावाचं हेडर, म्हणजे मेलच्या माथ्यावरची माहितीची ओळ, लावते. २००१ सालच्या आरएफसी २९१९ या इंटरनेटच्या मानक दस्तऐवजाने ही पद्धत ठरवून दिली, आणि ती वर्षानुवर्षं बदलत नाही. जीमेलच्या शोधचौकटीत ‘लिस्ट:’ लिहून पुढे लिस्टचं नाव टाकलंस की नेमके त्याच लिस्टचे मेल निघतात. त्यावरून फिल्टर कर, ‘स्किप इनबॉक्स’ निवड आणि लेबल लाव. जीमेलमध्ये जेवढे फिल्टर जुळतील तेवढे सगळे लागू होतात. एक लागला म्हणून पुढचा थांबत नाही. त्यामुळे ‘मला उद्देशून आलेले मेल इनबॉक्समध्ये ठेव’ असा दुसरा फिल्टर करून उपयोग नाही, पहिला त्यांना बाजूला नेणारच. पहिल्यातच वजा चिन्ह देऊन ‘टू:मी’ जोड, म्हणजे तुला थेट आलेले मेल त्याच्या तावडीतून सुटतील. आणि डेव्हचं लेबल रोज एकदा उघडायचं. ही सवय मात्र कुठलाच फिल्टर लावून देऊ शकत नाही.

गिटहबवर ‘ऑल अ‍ॅक्टिव्हिटी’ असेल ते आजच बदल. ‘पार्टिसिपेटिंग अँड मेन्शन्स’ कर, म्हणजे तू ज्यात बोललीस किंवा जिथे कोणी तुझं नाव घेतलं तेवढंच येईल. नव्या आवृत्त्यांची खबर हवी असेल तर ‘कस्टम’मध्ये फक्त ‘रिलीजेस’ निवडता येतं. अपाचेच्या प्रकल्पात एकच घटना दोन वाटांनी येते, एकदा गिटहबकडून आणि एकदा इश्यूज लिस्टवरून. दोन्ही वाटा उघड्या ठेवल्यास की मेल दुप्पट होतात. तुझ्या मेलांचा मोठा भाग हाच असावा.

एवढं केल्यावर दिवसाला वाचता येतील इतकेच मेल उरतील. मग तुझ्या त्या प्रश्नाचा थ्रेड, म्हणजे प्रश्न आणि त्यावरच्या उत्तरांची मालिका, उघड. पंधरा दिवसांत उत्तर नसेल तर त्याच थ्रेडवर, नवा न काढता, विनम्रपणे एक ओळ लिही आणि मधल्या काळात तू स्वतः काय करून पाहिलंस ते सांग.

मी निवृत्त शिक्षिका आहे. मुलाने वेबलेट या भाषांतराच्या संकेतस्थळावर खाते काढून दिले आणि मी एका मोफत सॉफ्टवेअरचे मराठीकरण करते. काम फार आवडते. पण ‘मर्ज’ का काय ते चुकल्याचे मेल सारखे येतात आणि मला वाटते माझ्याच हातून काही बिघडले. काय करावे?
— एक वाचक, रत्नागिरी

बाई, तुमच्या हातून काहीही बिघडलेलं नाही. वेबलेटमध्ये दोन प्रकारच्या सूचना असतात. नवी वाक्यं भाषांतराला आली यासारख्या काही सूचना फक्त तुम्ही निवडलेल्या भाषेपुरत्या येतात. मर्ज म्हणजे वेगवेगळीकडे झालेले बदल एकत्र जुळवणं; त्यातली चूक ही मात्र सगळ्या भाषांना मिळून असलेल्या सामायिक कोडची असते, म्हणून ती भाषा न पाहता सर्वांना जाते. ती सोडवणं प्रकल्प चालवणाऱ्यांचं काम आहे.

तुमच्या सेटिंगमध्ये ‘नोटिफिकेशन्स’चं पान उघडा. तिथे ‘वॉच्ड प्रोजेक्ट्स’च्या खाली रिपॉझिटरीच्या, म्हणजे कोडच्या साठ्याच्या, सूचना बंद करा. नवी वाक्यं आल्याची सूचना ‘डेली डायजेस्ट’ किंवा ‘वीकली डायजेस्ट’वर ठेवा, म्हणजे सगळं मिळून एकच मेल येईल. कॉमेंटची सूचना मात्र लगेच येऊ द्या. तिथे दुसरा मराठी भाषांतरकार तुमच्याशी बोलत असेल, आणि मराठीकरणात एवढी थोडी माणसं आहेत की एकमेकांना वेळेवर उत्तर मिळणं फार महत्त्वाचं आहे. एक सेटिंग अशीही आहे की ज्या प्रकल्पात तुम्ही एखादं वाक्य भाषांतरित कराल तो आपोआप वॉच यादीत जातो. सहज म्हणून एखाद्या प्रकल्पात एक-दोन वाक्यं केली असतील तर तो यादीतून काढून टाका.

आमचा प्रकल्प अपाचेच्या छत्राखाली आहे. मी पुण्यात नोकरी करून त्याची देखभाल करतो. गेल्या वर्षी कोणीतरी गिटहबच्या सगळ्या सूचना डेव्ह लिस्टला जोडल्या. डिपेंडाबॉट (लायब्ररींच्या नव्या आवृत्त्या सुचवणारा गिटहबचा बॉट), बिल्ड (कोड बांधून पाहिल्याचा निकाल), प्रत्येक कॉमेंट, सगळं डेव्हवर येतं. जुने लोक बोलेनासे झालेत. हे वेगळं करू असं सुचवलं तर एक सहकारी म्हणतात, ‘जे लिस्टवर झालं नाही ते झालंच नाही’ हे अपाचेचं तत्त्व आहे, आपण काही लपवतोय असं दिसेल. ज्याला नको त्याने फिल्टर लावावा. त्यांना कसं पटवू?
— एक देखभालकर्ता, पुणे

तुमचे सहकारी सांगतात ते तत्त्व मला मनापासून मान्य आहे. तेच धरून मी उलट बाजूला पोचते. हे तत्त्व निर्णयांसाठी आहे. वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या वेळांना जागी असणारी माणसं, कंपनीच्या पगारावर असलेली आणि रात्री घरी बसून काम करणारी, सगळ्यांना निर्णयात सारखाच भाग घेता यावा म्हणून चर्चा लिस्टवर व्हायची. ज्या लिस्टवर चर्चा दिसेनाशी झाली आहे तिथे तत्त्वाची अक्षरं उरली आहेत, पण त्याचा हेतू गेला. ग्रामसभा चालू असताना मागे भोंग्यावर गेल्या वर्षभराचा जमाखर्च वाचत बसलं, तर पारदर्शकता वाढत नाही. लोक उठून जातात.

आणि लपवायचं काहीच नाहीये. सूचना डेव्हवरून दुसऱ्या लिस्टवर जातील; तिचाही सार्वजनिक संग्रह असेल, तीही कोणालाही वाचता येईल.

‘ज्याला नको त्याने फिल्टर लावावा’ यावर मात्र मी ठाम आहे: हे ओझं पाठवणाऱ्याचं आहे. बॉट जोडणारा एक माणूस पाच मिनिटांत जोडतो आणि त्याची किंमत शेकडो सदस्य रोज भरतात. जुन्या लोकांनी फिल्टर कधीच लावले असतील. त्यांना ते जमतं. ज्याला जमत नाही तो काल आलेला नवखा. त्याला कळतच नाही की या गर्दीत माणसं बोलतात, आणि तो आठवड्याभरात नाव काढून घेतो. आपल्याला तो गेल्याचं कळतही नाही. शिवाय फिल्टर करायचा तर कशावर? सगळं एकाच लिस्टवरून येत असल्यामुळे सगळ्यांवर लिस्ट-आयडी एकच आहे. माणूस आणि यंत्र वेगळं करण्याचं सगळ्यात भरवशाचं साधन तुम्ही लोकांच्या हातून काढून घेतलंय.

तत्त्वावर वाद घालत बसू नका. संग्रह उघडा आणि गेल्या एका महिन्याचे डेव्हवरचे मेल दोन ढिगांत मोजा, यंत्राचे आणि माणसांचे. मग माणसांच्या ढिगातून असे प्रश्न काढा ज्यांना कोणीच उत्तर दिलेलं नाही. प्रस्तावाच्या मेलमध्ये त्यांचे दुवे द्या. टक्केवारी लोक नजरेआड करतात. पण एका अनोळखी मुलाने नीट लिहिलेला, लॉग जोडलेला प्रश्न महिनाभर तसाच पडून आहे, हे पाहिल्यावर तुमचे सहकारीही विचार करतील. ते वाईट अर्थाने अडवत नाहीयेत, त्यांना प्रकल्पाची काळजीच आहे.

प्रस्ताव डेव्हवर मांडा, किमान ७२ तास थांबा, हरकत नसेल तर मूक संमती समजून पुढे जा. नवी लिस्ट अपाचेच्या सेल्फसर्व्ह स्थळावरून मागता येते. ‘नोटिफिकेशन्स’ हे नाव रूढ आहे. मग रिपॉझिटरीतल्या ‘डॉट-एएसएफ-डॉट-यॅमल’ या फाइलमध्ये नोटिफिकेशन्सचा विभाग असतो. तिथे कमिट (कोडमध्ये नोंदलेला बदल), इश्यू (नोंदवलेली अडचण) आणि पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) यांना वेगवेगळे पत्ते देता येतात. पुल रिक्वेस्ट उघडली-मिटली ही खबर आणि तिच्यावरच्या कॉमेंट यांनाही वेगळे पत्ते देता येतात. काही प्रकल्प नवी पुल रिक्वेस्ट उघडल्याची खबर डेव्हवर ठेवतात. लहान प्रकल्पात ते चालतं. तुमच्या वर्णनावरून तुमच्याकडे नको. डिपेंडाबॉटसाठी तर स्वतंत्र पर्याय आहे. जिरा वापरत असाल तर गिटहबवरच्या कॉमेंट तिकिटावर कॉमेंट म्हणून न टाकता वर्कलॉगमध्ये, म्हणजे कामाच्या नोंदींत, टाकण्याची सोय आहे, ती वापरा; नाहीतर गिटहबवरची कॉमेंट जिराकडून पुन्हा मेल होऊन येते.

पत्ता बदलण्याइतकंच मुळात कमी पाठवणंही गरजेचं आहे. डिपेंडाबॉट आठवड्याने किंवा महिन्याने चालवा आणि ‘ग्रुप्स’ लावून दहा लायब्ररींचे बदल एका पुल रिक्वेस्टमध्ये आणा. बिल्ड आपोआप चालवणारं जेनकिन्स असेल तर ‘प्रत्येक अस्थिर बिल्डला मेल’ हा पर्याय काढा. स्थिती बदलली तरच मेल यावा: बिघडलं तेव्हा एक, सुधारलं तेव्हा एक. रोज रात्री ‘बिल्ड अजून बिघडलेलंच आहे’ असा मेल आला की चौथ्या दिवसापासून तो कोणी उघडत नाही, आणि पाचव्या दिवशी दुसऱ्याच कारणाने बिघडलेलं बिल्ड तसंच राहतं.

गिटहब अ‍ॅक्शन्सचं (गिटहबवर कामं आपोआप चालवणाऱ्या सोयीचं) ठरलेल्या वेळी चालणारं काम अडलं, तर त्याची सूचना ज्याने ते काम तयार केलं त्याला जाते, किंवा वेळापत्रकाची क्रॉनची ओळ ज्याने शेवटी बदलली त्याला. तो माणूस प्रकल्प सोडून गेला असेल तर रात्रीची चाचणी कितीही दिवस बिघडो, उरलेल्यांना पत्ता लागत नाही. आज जो जबाबदार आहे त्याच्या हातून ती ओळ एकदा बदलून घ्या. गर्दी कमी करताना असले दुवे तपासले नाहीत, तर जी सूचना खरंच हवी होती तीच बंद होते.

नवी लिस्ट सुरू होते तेव्हा तिच्यावर एकही सदस्य नसतो. तुम्ही आणि आणखी एक-दोघांनी पहिल्याच दिवशी नाव नोंदवा आणि कोण बघणार ते डेव्हवर नावानिशी जाहीर करा. त्या सहकाऱ्यांना विचारून पाहा, ते आनंदाने घेतील असं मला वाटतं. बदल झाल्यावर डेव्हवर एक मेल लिहा: काय हलवलं, कुठे हलवलं, ज्यांना हवं त्यांनी तिथे कसं यायचं. आणि ते अनुत्तरित प्रश्न तुम्हा सगळ्यांत वाटून घेऊन उत्तरं द्या. उशीर झाला असला तरी द्या.

मी नागपूरला एम्बेडेड लिनक्समध्ये काम करते. एका सेन्सरच्या ड्रायव्हरसाठी कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, लिस्टकडे लक्ष ठेवायचं आहे, पण मुख्य लिस्टवर दिवसाला हजाराच्या आसपास मेल येतात. फक्त माझ्यापुरतं कसं वाचू? आणि मी पाठवलेल्या पॅचवर (कोडमधल्या बदलावर) ‘कर्नल टेस्ट रोबोट’चा मेल आलाय. बॉटचा मेल म्हणून सोडून द्यायचा का?
— एक अभियंता, नागपूर

सोडून देऊ नका. वर मी यंत्राच्या मेलांविरुद्ध इतकं बोलले, त्यानंतर हे सांगायलाच हवं. हा रोबोट इंटेलचे लोक चालवतात. लिस्टवर आलेले पॅच उचलून तो ते वेगवेगळ्या आर्किटेक्चरवर (प्रोसेसरच्या प्रकारांवर), वेगवेगळ्या कॉन्फिगरेशनवर बांधून पाहतो. तुमच्या टेबलावर एक-दोन बोर्ड असतील. त्याच्याकडे असलेली विविधता एकट्या माणसाकडे नसते. तो मेल तुमच्याच पॅचबद्दल आहे, त्यात चूक, कॉन्फिगरेशन आणि चूक पुन्हा कशी घडवायची तेही दिलेलं असतं. तुमच्या पॅचची पुढची आवृत्ती पाठवायच्या आधी ते दुरुस्त करा. स्थिर शाखांना (जुन्या, दुरुस्त्या मिळत राहणाऱ्या आवृत्त्यांना) पॅच लागू न झाल्याचा ‘फेल्ड’ असा मेल येतो, तोही याच जातीचा आहे: कोणी हात लावला नाही, तर ती दुरुस्ती जुन्या कर्नलवर पोचणार नाही.

वाचण्यासाठी मुख्य लिस्टवर नाव नोंदवायची गरजच नाही. लोर डॉट कर्नल डॉट ऑर्गवर सगळ्या लिस्टचा संग्रह आहे आणि त्याच्यासाठी ‘लेइ’ नावाचं साधन आहे. त्याला शोध द्यायचा. जुळणारे मेल ते तुमच्या मेलडिरमध्ये (संगणकावरच्या मेलच्या फोल्डरमध्ये) किंवा मेल सर्व्हरवरच्या आयमॅप फोल्डरमध्ये आणून ठेवतं. या शोधात ‘डीएफएन:’ लिहून फाइलचा मार्ग दिला की त्या फाइलला हात लावणारे पॅचच निघतात, मग ते कुठल्याही लिस्टवर असोत. सेन्सर असेल तर बहुधा ‘ड्रायव्हर्स’खालच्या ‘आयआयओ’ किंवा ‘एचडब्ल्यूमॉन’मध्ये तुमची फाइल असेल. पूर्ण थ्रेड मागवायचा पर्यायही द्या, नाहीतर नुसते पॅच येतील आणि त्यांवरची चर्चा राहून जाईल. त्या उपव्यवस्थेची स्वतःची लिस्ट ‘मेंटेनर्स’ फाइलमध्ये ‘एल’ या अक्षरापुढे लिहिलेली असते. ती मुख्य लिस्टपेक्षा पुष्कळ लहान असते. तिच्यावर मात्र नाव नोंदवा, कारण तुमचे पॅच तपासणारी माणसं तिथे आहेत.

पुढेमागे सिझबॉटचाही मेल येईल. गूगलचा हा बॉट कर्नलला उलटसुलट इनपुट देऊन तो पाडून पाहतो आणि सापडलेली चूक संबंधितांना कळवतो. त्याच्याशी ठराविक ओळींतच बोलायचं असतं. ही चूक आधीच नोंदलेल्या दुसऱ्या चुकीसारखीच असेल तर उत्तरात ‘#सिझ डप:’ लिहून पुढे त्या दुसऱ्या अहवालाचं शीर्षक. चूकच नसेल तर ‘#सिझ इनव्हॅलिड’. दुरुस्ती केली असेल तर त्याने दिलेली ‘रिपोर्टेड-बाय’ची ओळ पॅचमध्ये जशीच्या तशी ठेवा, म्हणजे पॅच मुख्य शाखेत गेल्यावर तो आपणहून नोंद मिटवतो. ओळ राहून गेली तर त्याच मेलला ‘#सिझ फिक्स:’ लिहून पुढे तुमच्या कमिटचं शीर्षक द्या आणि ‘रिप्लाय ऑल’ करा.